‘जाते’ म्हणणाऱ्या बाई

बाई कुणाच्याही घरून निघताना "जाते" म्हणायच्या. "येते" नाही, "निघू का" नाही, नुसतं "चला"सुद्धा नाही. पायात सँडल सरकवायच्या, पर्स खांद्याला अडकवायच्या आणि आतल्या खोलीतल्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "जाते."

हॅमिल्टनमधल्या मराठी घरांत यावरून बाईंचं नाव झालं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. मी त्यांना हे करताना पहिल्यांदा पाहिलं ते २०११च्या दिवाळीत. मी न्यूझीलंडला येऊन जेमतेम चार महिने झाले होते. एका पुण्याच्या कुटुंबाकडे फराळ होता. चकल्या सुंदर झाल्या होत्या. बाईंनी त्या मन लावून खाल्ल्या, दोन रुमालात बांधून घेतल्या, आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, "जाते."

घरच्या वहिनींचा चेहरा पडला. "अहो, असं काय बोलता! दिवाळीचं तरी येते म्हणा."

"कधी येऊ?"

"म्हणजे?"

"येते म्हणायचं तर कधी ते ठरवून म्हणते. पुढच्या रविवारी येऊ? जेवायलाच येते."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चिवड्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी आमचं जरा... म्हणजे तसं काही नाही, पण..."

"मग जाते," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

सगळे हसले, मीही हसले. पण आत कुठेतरी मला ते आवडलं नाही. माझी आई शाळेत गेलेली नाही. तिने मला शिकवलेल्या दहा गोष्टींतली ही एक, की घरातून पाय काढताना जाते म्हणायचं नाही. गावी मेलेल्या माणसालाच ‘गेला’ म्हणतात. वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाईला एवढी साधी रीत पाळायला काय होतं?

त्याच बाई माझ्या लॅबमध्ये माझ्या वरच्या जागेवर होत्या. शहराबाहेर एक मोठा दूध कारखाना आहे, तिथल्या लॅबमध्ये आम्ही टँकरमधून येणारं दूध तपासायचो. मी सरळ सांगते, ही नोकरी मला कुणाच्या ओळखीने लागली नव्हती. माझ्या वडिलांचं बार्शीला सायकलीचं दुकान, पंक्चर काढायचं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, त्यातही मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी., त्यातही फर्स्ट क्लास. हे मी दर दोन वाक्यांनी सांगते असं माझा नवरा म्हणतो. सांगणारच.

पहिल्या दिवशी मी बाईंना "मावशी" म्हटलं. परक्या देशात वयाने मोठी मराठी बाई भेटली, तर दुसरं काय म्हणणार?

बाईंनी चष्मा काढला. "मी तुझ्या आईची बहीण आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग काय म्हणू? मॅडम?"

"मॅडम कशाला? काही म्हणू नकोस. काम असलं की समोर ये आणि बोल."

आणि मी खरंच सात हंगाम त्यांना कोणत्याही नावाने हाक मारली नाही. समोर जायचे आणि बोलायचे. घरी नवऱ्याशी बोलताना मात्र ‘बाई’ म्हणायचे, शाळेतल्या बाईंसारखं. इथेही तेच म्हणते. त्या मला माझ्या नावाने हाक मारायच्या नाहीत. त्यांनी माझं नाव बार्शी ठेवलं होतं. "काय बार्शी, प्लेटा मोजल्या का?" म्हणजे काचेच्या बशांत वाढलेले दुधातले जंतू. लॅबमधल्या गोऱ्या पोरींना वाटायचं, हेच माझं खरं नाव. एकीने माझ्या वाढदिवसाच्या केकवर तेच लिहून आणलं.

कामात बाई भयंकर होत्या. टँकर दारात उभा, ड्रायव्हर घड्याळ बघतोय, वरून फोनवर फोन, आणि बाई तपासणीचा निकाल हातात आल्याशिवाय सही करायच्या नाहीत. "दूध नासलं तर ओतून देता येतं," म्हणायच्या. "नासका निकाल कुठे ओतणार?" हे त्या इंग्रजीतही म्हणायच्या, आणि ड्रायव्हर लोक "स्वीट अ‍ॅज" म्हणजे ‘बरं, चालेल’ म्हणून टँकरच्या पायरीवर जाऊन बसायचे. बाईंशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुपारच्या सुट्टीत बाई दोन ब्रेडमध्ये शेंगदाण्याची चटणी घालून खायच्या, आणि खाता खाता कॉम्प्युटरवर जपानच्या समुद्राचा अंदाज उघडायच्या. मग उठून लॅबच्या फळ्यावर, तपमानाच्या नोंदींच्या खाली, उजव्या कोपऱ्यात एक आकडा लिहायच्या. लाटांची उंची. आमच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण सगळ्यांना सवय झाली होती. आमचा माओरी सुपरवायझर दुपारी "किया ओरा" म्हणत आत आला, की दुधाच्या आधी लाट विचारायचा. बाई मान हलवायच्या. "अडीच मीटर. नाही लागणार आज."

म्हणजे बोट धक्क्याला लागणार नाही.

बाई दरवर्षी जपानला जायच्या, एकट्या. टोकियो बघायला नाही, मंदिरं बघायला नाही, फुलांच्या दिवसांत तर नाहीच. नकाशात माशी बसल्यासारखी दिसतात, अशा बेटांवर जायच्या. एका बेटावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, मिळेल त्या बोटीने. जिथे एक दुकान, एक पोस्ट, एक शाळा आणि शाळेत दोन पोरं. "आपल्या दिवाळीच्या हॉलमध्ये जेवढी माणसं असतात ना," त्या सांगायच्या, "तेवढी तिथे अख्ख्या बेटावर नाहीत. आणि चिवडा कुणी केला यावरून भांडत नाहीत."

एका बेटावर संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या भोंग्यातून मुलांचं गाणं वाजतं, पोरांनो घरी जा म्हणून सांगायला. त्या बेटावर पोरंच उरलेली नाहीत. तरी गाणं वाजतं, आणि म्हातारेकोतारे मासे साफ करायचं थांबवून घरी जातात. हे सांगताना बाई इतक्या हसायच्या की डोळ्यांत पाणी यायचं. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळायचं नाही.

मी एकदा म्हटलं, "मला पण न्या की बरोबर."

"नको. दोघी गेलो की आपण आपल्यातच बोलत बसू."

"एकट्याने भीती नाही वाटत?"

"कसली? तिथे हरवायला जागा कुठाय?"

बाईंचा एक नियम होता. एका बेटावर दोनदा जायचं नाही. "बघितलं ते बघितलं. दुसऱ्यांदा गेलं की आपण पहिलंच शोधत बसतो." या नियमातून एक बेट सुटलं होतं. त्या बेटाचं नाव त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. नाव सांगितलं की लोक जातात, असं त्यांचं म्हणणं. फळ्यावरचा आकडा त्या बेटाचा होता.

ही गोष्ट मला कळली रॅग्लनला. हॅमिल्टनहून समुद्र बघायचा तर आम्ही गाडी काढून रॅग्लनला जायचो. बाईंच्या गाडीच्या डिकीत टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणि टॉवेल कायम असायचा. इथल्या ऑगस्टच्या थंडीत त्या पोहायच्या आणि मी काळ्या वाळूवर दोन जॅकेटं घालून त्यांच्या चपला राखत बसायचे. त्या दिवशी त्या कुडकुडत बाहेर आल्या, थर्मासमधला चहा घेतला, आणि मी मनात बरेच दिवस साठवलेलं विचारून टाकलं.

"तुम्ही जाते का म्हणता? बायका किती बोलतात तुमच्या मागे, माहिताय?"

"माहिताय. तू पण बोलतेस?"

"हो," मी म्हटलं. मी खोटं बोलत नाही.

बाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं.

मी न्यूझीलंडला यायच्या दोन वर्षं आधी बाई त्या बेटावर गेल्या होत्या. राहायला एकच जागा, एका म्हाताऱ्या बाईच्या घरातल्या दोन खोल्या. नवरा समुद्रात गेलेला, मुलगा दूर शहरात. बाई तिला आजी म्हणायच्या. मी लगेच टोकलं, "तुम्हाला मावशी चालत नाही, आणि तिला आजी?"

"ती आजी आहेच. मी मावशी नाही. मधे बोलू नकोस."

तीन दिवसांसाठी गेलेल्या बाई दहा दिवस अडकल्या, कारण समुद्र खवळला आणि बोट आली नाही. आजीने दहा दिवस त्यांना जेवू घातलं, आणि वरच्या दिवसांचे पैसे घेतले नाहीत. मग पाहुणीसारखं बसून कसं चालेल? बाई भांडी घासायला लागल्या, मासे वाळत घालायला लागल्या. एका संध्याकाळी त्यांनी पाहिलं, की आजीने त्यांच्या सपाता पाहुण्यांच्या फळीवरून उचलून घरच्यांच्या फळीवर ठेवल्या आहेत, आपल्या सपातांच्या शेजारी.

अकराव्या दिवशी बोट आली. बोट निघताना तिथे सगळं गाव धक्क्यावर येतं. सगळं गाव म्हणजे वीसेक माणसं. आजीने पानात बांधलेले भाताचे गोळे हातात दिले. बाई गाडीत सीडी लावून लावून जपानी शिकल्या होत्या. निरोपाचा शब्द त्यांना पाठ होता. पण त्या क्षणी तोंडातून वेगळंच आलं.

"आईने लहानपणी थोबाडीत मारून शिकवलेलं ना," बाई म्हणाल्या. "जाते म्हणायचं नाही. जाऊन येते म्हणायचं. मी तेच म्हटलं, फक्त जपानीत. इत्ते किमास."

"मग? चांगलंच म्हटलं की."

"अगं, आपण कुणालाही म्हणतो. लग्नाच्या हॉलमधून निघताना म्हणतो, दुकानातून निघताना म्हणतो. कुणी धरून बसतं का? तिथे ते घरचं माणूस म्हणतं. सकाळी शाळेत जाणारं पोर म्हणतं, मासे मारायला जाणारा नवरा म्हणतो. घरातून निघतो आणि घरी परत येतो, तो म्हणतो."

 आजीने घरच्या माणसाने द्यायचं उत्तर दिलं. इत्तेराश्शाई. जाऊन ये. मागे उभ्या असलेल्या वीस माणसांनीही तेच म्हटलं. बोट सुटली, बेट लहान झालं, तरी धक्क्यावरून तेच ओरडणं ऐकू येत होतं. जाऊन ये.

"त्यांनी खरं धरलं गं," बाई म्हणाल्या. "जानेवारीत नव्या वर्षाचा फोन केला, तर आजी विचारते, कधीच्या बोटीने येतेस? सपाता जागेवर आहेत."

थर्मास रिकामा झाला होता. बाईंनी तो उपडा करून वाळूवर झटकला.

"तेव्हापासून मी कुणालाही येते म्हणत नाही. एका ठिकाणी म्हटलंय, ते आधी होऊ दे."

 त्यानंतर कुठल्याही घरी कुणी बाईंच्या ‘जाते’वरून कुजबुजायला लागलं, की मीच बोलायचे, "असू दे. त्यांचं कारण आहे." कारण काय ते सांगायचे नाही.

आता कुणीही विचारेल, की मग जायचं की परत. एवढं काय त्यात? त्यात एक अडचण होती, आणि ती आमच्या धंद्याची होती. न्यूझीलंडमध्ये गायी वसंतात व्यातात. ऑगस्टपासून दूध वाढत जातं, ऑक्टोबरात तर पूर येतो, कारखाना रात्रंदिवस चालतो. मग ते हळूहळू उतरतं आणि थंडीत, जून-जुलैत, गायी आटतात. कारखाना बंद ठेवून यंत्रं खोलतात. लॅबवाल्यांना लांबची रजा मिळते ती तेव्हाच. आणि जून-जुलै म्हणजे त्या समुद्रात धुकं, पाऊस आणि वादळांची सुरुवात. बाकीच्या बेटांना त्याचं फारसं नसायचं. या बेटाला आडोसाच नव्हता, एकच धक्का, तोही उघड्या समुद्रात. म्हणजे बाई मोकळ्या असायच्या तेव्हा नेमकी बोट लागायची नाही.

पहिली चार वर्षं तर बोट सुटलीच नाही. बंदराच्या गावात आठवडाभर बसून बाई दुसऱ्याच बेटांवर जाऊन आल्या. २०१४ साली मात्र बोट सुटली, अटीवर. तिकडे तशी पद्धत आहे. खिडकीवर पाटी लावतात, की बोट निघेल, पण धक्क्याजवळ लाट जास्त असली तर कुणालाही न उतरवता परत येईल. मान्य असेल तर तिकीट घ्या. बाईंनी घेतलं.

परत आल्यावर त्यांनी मला हे लॅबच्या पार्किंगमध्ये सांगितलं, गाडीला टेकून, किल्ली हातात फिरवत. रात्रभर बोट हेलकावत गेली. सकाळी धुक्यातून बेट वर आलं. धक्क्यावर चार-पाच माणसं दोर घ्यायला उभी होती, आणि त्यांच्या मागे पिवळा रेनकोट घातलेलं एक बुटकं माणूस. आजी. कप्तानाने तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तर इतकी जवळ गेली बोट, की बाईंना आजीचा चेहरा दिसला. मग एक लाट धक्क्यावरून पलीकडे गेली, दोर सुटला, आणि बोटीने भोंगा दिला.

"मी कठड्याला धरून ओरडले, तादाइमा! म्हणजे आले मी. घरी आल्यावर म्हणतात ते. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार, डोंबल! आणि ती काय करत होती, सांगू?"

बाईंनी किल्ली खिशात टाकली, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि त्यांची फुली केली.

"अशी. दोन्ही हात वर करून फुली. मला वाटलं, ही मला नको म्हणतेय. एवढी वर्षं आली नाहीस, आता येऊ नकोस.  मग शेजारचा खलाशी म्हणाला, नाही हो, तिकडे ‘जमणार नाही’ याची खूण आहे ती. बोट लागणार नाही, असं सांगतायत." बाईंनी हात खाली घेतले. "पण मला आधी जे वाटलं ते वाटलंच ना."

मी म्हटलं, "एक वर्ष ऑक्टोबरात जा. तेव्हा समुद्र शांत असतो, तुम्हीच सांगता. लॅब मी सांभाळते."

"ऐन हंगामात? माझी लॅब?"

"माझी पण आहे."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता हो म्हणतात. पण त्या गाडीचं दार उघडून बसल्या. "रिटायर झाले की जाईन. ऑक्टोबरातच जाईन. चार वर्षं राहिलीत."

नवऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाईंच्या हट्टापुढे गायींनी वेळापत्रक बदलायला पाहिजे." मी हसले नाही. चार वर्षं म्हणजे काही फार नाहीत असंच मलाही वाटलं होतं. आजी एवढी वर्षं धक्क्यावर येऊन उभी राहते, तर आणखी चार वर्षं राहील, असं आम्ही दोघीही धरूनच चाललो होतो.

त्या चार वर्षांत माझं आणि बाईंचं कसं होतं, तर रविवारी मी त्यांच्या घरी जायचे. बाहेर चपला काढायच्या, आत सपाता घालायच्या, हा त्यांच्याकडचा कायदा. दाराशी पाहुण्यांसाठी निळ्या सपाता. कधीतरी माझ्यासाठी हिरव्या आल्या, आणि मग त्या खालच्या फळीवर, बाईंच्या तपकिरी सपातांशेजारी राहायला लागल्या. त्यावर आम्ही एका शब्दाने बोललो नाही. मी भाकरी करायचे, बाई सुका बांगडा भाजायच्या, आणि शेजारची गोरी म्हातारी खिडक्या लावून घ्यायची.

बाई २०१८च्या थंडीत रिटायर झाल्या. कारखान्याने केक कापला, सुपरवायझरने फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं: शून्य मीटर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑक्टोबरात बाई गेल्या. जाताना आजीला द्यायला माझ्याकडून शेंगदाण्याची चटणी करून घेतली. "माझी कोरडी होते. तुझी बरी असते." एवढं कौतुक त्यांनी माझ्या एम.एस्सी.चंसुद्धा केलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी एका दुपारी दारावरची बेल वाजली. बाई उभ्या होत्या, बॅग हातात, ऑकलंडच्या विमानतळावरून थेट माझ्या दारात. मी म्हटलं, "आलात? या, या, आत या."

त्या आत आल्याच नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. बॅग उचलून आत ठेवली, त्यांना बसवलं, चहा टाकला. मग हळूहळू सगळं कळलं.

समुद्र काचेसारखा होता. बोट पहिल्याच प्रयत्नात लागली. बाई उतरून चढ चढून घराकडे गेल्या. घराला बाहेरून लाकडी फळ्या लावून बंद केलेलं. तरी त्यांनी दारात उभं राहून मोठ्याने म्हटलं, तादाइमा. आतून कोण उत्तर देणार? मागून पोस्टातला माणूस धावत आला. त्याने ओळखलं त्यांना. न्यूझीलंडच्या ना, म्हणाला.

जानेवारीच्या फोनवर आजी ठणठणीत बोलली होती. पण मार्चमध्ये ती घरात पडली, आणि मुलगा येऊन तिला शहरात घेऊन गेला. आता ती कुणाला ओळखत नाही. पोस्टातल्या माणसाने बाईंना कौतुकाने सांगितलं, की मुलगा खरं तर कितीतरी वर्षं मागे लागला होता, आई, एकटी राहू नकोस, चल. गुडघे गेले होते, डोळे गेले होते. पण ती म्हणायची, माझ्याकडचं एक माणूस जाऊन येते म्हणून गेलंय, ते आल्यावर बघू. जूनमध्ये बोट दिसली की काठी टेकत धक्क्यावर यायची.

"तो हसत सांगत होता गं," बाई म्हणाल्या. "त्याला वाटलं, मला बरं वाटेल. बघा, किती वाट बघितली तुमची. मी एक शब्द बोलून गेले आणि ती बाई त्या शब्दापायी तिथे एकटी राहिली. पडेपर्यंत."

मी म्हटलं, "असं कशाला म्हणता? तिला जायचंच नसेल शहरात. तुमचं नाव पुढे करून राहिली असेल घरात. माझी आईपण करते तसं."

"असेल," बाई म्हणाल्या. "कुणाला विचारू आता?"

त्यांनी बॅग उघडली आणि वर्तमानपत्राचं एक पुडकं बाहेर काढलं. जपानी अक्षरांच्या त्या कागदात बाईंच्या बेटावरच्या सपाता. आजीने जाताना पोस्टात ठेवून दिल्या होत्या, आल्या तर द्या म्हणून. चटणीची बाटली तशीच परत आली होती. ती त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवली.

त्या दिवसानंतर बाईंनी लाट बघणं सोडलं. लॅबमधला फळ्याचा कोपरा नव्या मुलीने पुसून टाकला. सुपरवायझर काही दिवस सवयीने तिकडे बघायचा.

आणि २०१९च्या सुरुवातीला मला पामर्स्टन नॉर्थला नोकरी मिळाली. संशोधन संस्थेत, लॅबची प्रमुख म्हणून. बार्शीच्या पंक्चरवाल्याची पोरगी. वडिलांना फोनवर सांगितलं. ते दुकानातल्या पोराला ओरडून म्हणाले, "अरे, चहा सांग सगळ्यांना." बाईंना सांगायला मात्र मला आठवडा लागला. एकदाची समोर गेले आणि बोलले.

"घ्यायलाच पाहिजे," बाई म्हणाल्या. "न घेशील तर तंगडी मोडीन."

निघायच्या दिवशी गाडीत सामान भरून आम्ही आधी त्यांच्याकडे गेलो. चहा झाला. नवरा गाडीत जाऊन बसला. मी हिरव्या सपाता काढून खालच्या फळीवर ठेवल्या, बाहेर येऊन चपला घातल्या. बाई आत गेल्या आणि वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन आल्या. कागद आमच्याच गावातल्या पेपरचा होता. माझ्या हातात दिलं. मला हाताला कळलं आत काय आहे ते.

"इथे कशाला ठेवायच्या?" त्या म्हणाल्या. "तिथे थंडी जास्त असते. घाल."

मला खूप बोलायचं होतं, पण मी त्यातली नाही. मी गाडीपाशी गेले. दार उघडलं. वळले. तोंडात आलंच होतं, आईने शिकवलेलं, आयुष्यभर दर उंबऱ्यावर म्हटलेलं. "ये..."

बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि त्यांची फुली केली.

मी थांबले. त्या हात खाली घेईनात. साठी उलटलेली बाई, डोक्यावर फुली करून, व्हरांड्यात तशीच ताठ उभी. नवऱ्याने काच खाली करून विचारलं, "काय झालं?"

"जाते," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

बाईंनी हात खाली घेतले आणि मान हलवली, निकाल बरोबर आला की हलवायच्या तशी.

पामर्स्टन नॉर्थहून हॅमिल्टन गाडीने एका दमात जाता येतं. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला तिथे. पहिला महिना नवी लॅब, दुसरा घर लावणं, मग थंडी, मग ऐन हंगाम. अधूनमधून फोन व्हायचा. बाई विचारायच्या, "प्लेटा कोण मोजतं तिकडे?" मी सांगायचे. कधी येतेस, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि मीही म्हटलं नाही. मी येते म्हटलं असतं तर गेले असते. आमच्याकडे बोललेलं करतात. पंक्चरवाल्याने संध्याकाळी देतो म्हटलं की सायकल संध्याकाळी तयार असते, तसं.

ऑक्टोबरात जुन्या लॅबमधल्या एका मुलीने सहज कळवलं, की बाईंनी घर विकलं आणि त्या भावाकडे ठाण्याला गेल्या, कायमच्या. मी फोन लावला, तो नंबर बंद झाला होता. हॅमिल्टनहून निघताना त्यांनी कुणाला काय म्हटलं, ते सांगायला कुणी नव्हतं. मीच तेवढी असते ऐकायला, तर मी इथे.

त्या हिरव्या सपाता अजून पेपरमध्येच आहेत, माझ्या दाराजवळच्या कपाटात. नवरा म्हणतो, घाल की, फरशी किती गार आहे. मी नाही घालत. बाईंनी मला मोकळं केलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं, तिथे गाडीपाशी. पण समोर ये आणि बोल म्हणणाऱ्या त्या बाईंनी त्या दिवशी मला बोलू दिलं नाही. दिलं असतं तर मी सांगितलं असतं, की मला मोकळं व्हायचं नव्हतं.